विकेट कितीची?

सख्ख्या भावांत भांडण लागायला आमच्याकडे पूर्वी धुरा लागायचा. हातभर जमीन इकडची तिकडे झाली, की तीन पिढ्यांची सोय व्हायची. आता धुऱ्यावाचूनही भागतं. दोघांना पारावर समोरासमोर बसवायचं आणि विचारायचं, "एक विकेट म्हणजे किती रन?" दोघांपैकी एक बोलर असला पाहिजे, एवढीच अट.

वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या आमच्या केनवडात हा प्रश्न हिवाळ्यात उगवला, पण त्याचं बी दिल्लीत पेरलं गेलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, आणि ज्या ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय संघाच्या छातीवर होतं तिचे पैशांचे सामनेही थांबले. पुढच्या आशिया कपात संघ कोऱ्या छातीनं खेळला. आमच्या गावात ज्या पोरांचे रोज संध्याकाळी एकोणपन्नास रुपये एक कोटीच्या शोधात निघून जायचे, त्यांच्या आयांनी देवाला नारळ फोडले. पण ते नारळ जरा लवकरच फुटले. कारण पोरांना सवय पैशांची कमी होती, टीम लावायची जास्त. संध्याकाळ झाली की "टीम लावली का बे?" असं एकमेकांना विचारल्याशिवाय त्यांना जेवण जात नव्हतं.

ज्यांच्या घरी ही लागण पोचलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खेळणारे खरे, टीम काल्पनिक. तुम्ही घरबसल्या अकरा जण निवडायचे. मैदानावर ते जे करतील त्याचे गुण तुमच्या खात्यात. रनला गुण, विकेटला गुण, कॅचला गुण. ज्याला कॅप्टन केलं त्याचे दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. घाम दुसऱ्याचा आणि पीक आपलं, ही कल्पना ज्यानं आयुष्यात एकदा तरी शेत बटईनं दिलं आहे त्याला लगेच कळते.

तर पोरांनी ठरवलं, पैसा नाही तर नाही, ॲप नाही तर नाही, आपण आपली लीग वहीवर चालवायची. इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नसतं. पण कुणाच्या तरी डोक्यात आलं, की कोहली-बुमराह कशाला? आपल्या गावची टेनिस बॉलची टूर्नामेंट आहे की! हिवाळ्यात सोयाबीन निघालेलं असतं (विकलेलं नसतं, भावाची वाट बघत घरात पडलेलं असतं), हरभरा वर येत असतो, तूर माणसापेक्षा उंच उभी असते, आणि गावातल्या तरुणांना दुपारी दोन ते सहा काय करायचं हा प्रश्न असतो. मग ज्याला निवडणूक जवळ दिसते तो पहिलं बक्षीस जाहीर करतो, ज्याला लांब दिसते तो दुसरं, आणि आठ-आठ ओव्हरचे सामने सुरू होतात. मैदानाचे नियम पिढीजात आहेत. तारेला लागला तर डेड बॉल. विहिरीत गेला तर आउट, आणि काढायचाही त्यानंच. तुरीत गेला तर दोन रन, आणि बॉल सापडेपर्यंत मॅच थांबलेली.

ॲपवरच्या खेळात एक मोठं सुख होतं. तुम्ही रोहित शर्माला टीममधून काढलं तर तो दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर उभा राहून "काऊन काढलं मले?" असं विचारत नव्हता. आमच्या लीगमध्ये विचारतो. शिवाय लिलाव सगळ्यांसमोर. प्रत्येक मालकाला शंभर काल्पनिक रुपये. त्यात गावचा सगळ्यात फास्ट बोलर अडीच रुपयांना गेला आणि रात्रभर जेवला नाही. त्याच्या घरच्या बकरीला रिसोडच्या बाजारात खऱ्या नोटांत बोली लागली होती, आणि घरात त्याच आठवड्यात दोन्ही भाव एकत्र ऐकावे लागले.

पण लिलाव नंतरचा. लिलावाआधी गुण ठरले पाहिजेत, हे माझं म्हणणं. कारण पंच म्हणून मला नेमलं होतं. माझी स्वतःची टीम नव्हती आणि मला भागाकार येतो, या दोन पात्रता पुरल्या.

मुळात खेळाडूचं कर्तृत्व आकड्यांत मोजायचं हे दुखणं क्रिकेटचंच. ते अमेरिकेत गेलं, बेसबॉलच्या अंगात वाढलं आणि भरल्या अंगानं परत आलं. हेन्री चॅडविक नावाचा गृहस्थ १८२४ साली इंग्लंडात एक्सेटरला जन्मला, पोरवयात अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कच्या पेपरांत क्रिकेटच्या बातम्या देऊ लागला. पुढे बेसबॉलनं त्याला भुलवलं आणि क्रिकेटच्या स्कोअरकार्डाच्या धर्तीवर त्यानं त्या खेळाचा तक्ता बसवला. कोणी किती मारले, कोण कसा बाद झाला, सगळं ओळीनं. मोठा माणूस. पण त्याच्या एका मतानं पुढच्या कित्येक पिढ्यांचं नुकसान केलं. बेसबॉलमध्ये चार वाईट चेंडू पडले की फलंदाजाला चालत पहिल्या बेसवर जायला मिळतं. चॅडविक म्हणाला, ही तर फेकणाऱ्याची चूक. यात मारणाऱ्याचं कर्तृत्व काय? त्याला शून्य. वाईट चेंडू ओळखून बॅट आवरणं हेही कर्तृत्व आहे, हे तिकडच्या संघांना नीट उमगायला शंभर वर्षांहून जास्त लागली, आणि त्यावर पुस्तकं आणि सिनेमा निघाला. आमच्याकडे वाइड सोडणारा फलंदाज हाच दावा घेऊन आला. "म्या सोडला म्हनून वाइड झाला न भाऊ? मारला असता तं झाला असता काय?" एक्स्ट्रा हे कुणाच्याच बापाचे नसतात, असं त्याला समजावलं. पटलं नाही. चॅडविकचं उदाहरण मी मुद्दाम सांगितलं नाही, त्याच्या हातात कोलीत गेलं असतं.

आज आपण ज्याला फँटसी लीग म्हणतो तिचा जन्म १९८० सालचा. डॅनियल ओक्रेंट नावाचा लेखक-संपादक आणि त्याचे मित्र न्यूयॉर्कमध्ये 'ला रोटिसरी फ्रांसेझ' नावाच्या हॉटेलात जेवायला जमायचे. त्यांनी तिथे खेळ मांडला. प्रत्येकाला सारखेच डॉलर, खेळाडूंचा लिलाव, आणि मग अख्खा हंगाम पेपरातले आकडे बघत हिशेब. ओक्रेंटनं विकेट कितीची या प्रश्नाला शिताफीनं बगल दिली. त्यानं गुण दिलेच नाहीत, प्रत्येक बाबतीत क्रमांक दिले. होम रनमध्ये पहिला कोण, चोरून बेस घेण्यात पहिला कोण, असं. आंबे आंब्यांशी, चिंचा चिंचांशी. या गृहस्थाबद्दलचा माझ्या मनातला आदर एका कारणानं वाढला. स्वतः काढलेल्या खेळात त्याला विजेतेपद कधीच मिळालं नाही. सगळ्या जगाला लागण लावून हा माणूस हरतच राहिला. नियम करणाऱ्यानं नियमात घोळ घातला नव्हता, याचा इतका दणदणीत पुरावा ग्रामपंचायतीच्या इतिहासात सापडणार नाही.

मला त्याहून जवळचा वाटतो तो बिल जेम्स. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव. तिथे बीन्सचे डबे भरायचा कारखाना होता, आणि हा त्याचा रात्रपाळीचा पहारेकरी. रात्रभर कोणी बीन्स चोरायला येत नसे. मग हा बसून बेसबॉलचे आकडे मांडायचा. १९७७ साली त्यानं स्वतःच्या पैशांनी आकड्यांची पहिली वही छापली, पंचाहत्तरेक प्रती खपल्या. पुढे त्याच माणसाला बॉस्टनच्या संघानं सल्लागार म्हणून बोलावलं. रात्रीची जागल आणि आकडेमोड यांचा काहीतरी संबंध असला पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटत होतं. केनवडात ते सिद्ध झालं.

आमच्याही लीगचं गणित एका जागल करणाऱ्यानंच मांडलं. हरभऱ्यात रानडुक्कर आणि रोही शिरू नयेत म्हणून हा माणूस थंडीत मचाणावर घोंगडी घेऊन बसतो. हातात बॅटरी, बाजूला डबडं, खिशात मोबाईल. रोही बाराला येतं नाहीतर पहाटे चारला. मधले चार तास मोकळे. तेवढ्यात त्यानं मागच्या टूर्नामेंटच्या स्कोअरच्या वह्यांचे फोटो काढून सगळी बेरीज केली. सकाळी पारावर येऊन म्हणाला, "विकेट बाराची."

पारावर शांतता. मग एकदम गिल्ला.

त्याचा हिशेब बिनतोड होता. आठ ओव्हरच्या सामन्यात आमच्याकडे एका डावात सत्तर-पंचाहत्तर रन होतात आणि सहाएक विकेट जातात. भागा. एक विकेट साधारण बारा रनला पडते, म्हणून विकेटचे बारा. बोलर मंडळी खवळली, कारण त्यांच्या डोक्यात ॲपचा भाव होता. ड्रीम इलेव्हनच्या टी-ट्वेंटीच्या तक्त्यात बराच काळ रनला १, कॅचला ८ आणि विकेटला २५ होते. "तिकडं पंचवीस अन् इकडं बारा? सोयाबीन हाय काय, की गावात आलं की भाव पडला?" जागलीवाला म्हणाला, तोच भागाकार तिकडे कर. वीस ओव्हरला एकशेसाठ-सत्तर रन, सहा-सात विकेट, पंचवीसच येतात. मॅच लहान, तर विकेट स्वस्त. आठ ओव्हरांत दहा विकेट हाताशी असताना प्रत्येक जण बॅट फिरवतो, त्याला बाद करणं काही डॉन ब्रॅडमनला बाद करणं नव्हे. हे बोलरांना कळलं. पटलं नाही. कळणं आणि पटणं यांच्यामधल्या जागेतच आमच्या गावाचं सगळं राजकारण चालतं.

मग प्रत्येक जण आपापला नियम घेऊन आला, आणि नियम ऐकला की माणूस कळायचा. सलामीला खेळणारा म्हणे पन्नाशीचा बोनस पाहिजे. शेवटी येऊन दोन सिक्स मारणारा म्हणे बोनस स्ट्राइक रेटला पाहिजे. ज्याच्या हातून कॅच सुटतात तो म्हणे निगेटिव्ह मार्किंगनं पोरांचं मन मोडतं. कीपर म्हणाला, "माह्या मागं बाय गेल्या तं अख्खं गाव शिव्या देते. वाचवल्या त्याचे गुन कुठीसा लिहिता?" या शेवटच्या माणसाशी मी सहमत होतो आणि आहे. स्कोअरच्या वहीत जे लिहिलं जातं त्यालाच गुण मिळतात. पोटावर पडून अडवलेल्या चौकाराचा रकाना वहीत नसतो. जगातली कुठलीही गुणपद्धती पहिल्यांदा वहीवर अन्याय करून घेते, मग माणसांवर.

निवृत्त गुरुजी दोन दिवसांनी व्यवस्थित आखलेला कागद घेऊन आले. वेळेवर मैदानात हजर : ५. पूर्ण गणवेश : ५. पंचाशी सौजन्य : ५. संपूर्ण सामन्यात अपशब्द न उच्चारल्यास : १०, उच्चारल्यास प्रत्येकी उणे २. मी मागच्या एका सामन्यावरून अंदाज काढला. आमचा सगळ्यात चांगला ऑलराउंडर अठ्ठेचाळीस रन आणि तीन विकेट घेऊनही उणे ऐंशीवर गेला असता. गुरुजींना ते योग्यच वाटलं.

पद्धत न्याय्य व्हायची असेल तर आकडे कसे दिसतात, याचं एक उत्तर अमेरिकेत पीट पामर नावाच्या संख्याशास्त्र्यानं काढून ठेवलं आहे. १९८४ च्या आपल्या पुस्तकात त्यानं बेसबॉलच्या प्रत्येक फटक्यानं संघाच्या धावा सरासरी किती वाढतात ते मोजलं. होम रनला मैदानाची चारही ठिकाणं फिरून होतात, म्हणून तो साध्या एकेरी फटक्याच्या चौपट असेल असं कुणालाही वाटेल. मोजल्यावर होम रन निघाला १.४० चा आणि एकेरी फटका अर्ध्याहून किंचित कमी. म्हणजे तिप्पटच. आणि चॅडविकनं ज्याला शून्य दिलं होतं ते चालत जाणं निघालं एक तृतीयांशाचं. आकडे बघा कसे वेडेवाकडे आहेत. मोजलेले आकडे असेच असतात. ५, १०, २५ असे गुळगुळीत आकडे दिसले की समजावं, हे मोजलेले नाहीत, ठरवलेले आहेत.

याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या घराघरांत आहे. लग्न जमवताना छत्तीस गुण बघतात, ते कसे? वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७, नाडी ८. बेरीज छत्तीस. अठरा जुळले की पास. संसार कशानं मोडतो याची पाहणी करून हे गुण कुणी काढले असते, तर ते एकापासून आठपर्यंत अशा शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले असते का? कुठंतरी सासूला ४.७० आले असते, घोरण्याला २.३०. ते काही नाही. तरी ही पद्धत शतकानुशतकं टिकली, कारण तिची बेरीज बोटांवर होते. जागलीवाल्यानं विकेट खरं तर १२.२ ची काढली होती. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, पॉइंट दोन सोड. पारावर दशांशचिन्ह आलं तर रक्त सांडेल. न्याय आणि बेरीज यांत निवड करायची वेळ आली तर लोक बेरीज निवडतात, आणि मला यात काही गैर वाटत नाही. जो हिशेब तपासता येत नाही तो कितीही न्याय्य असला तरी सावकाराचा वाटतो.

एवढ्यात आजवर एक शब्द न बोललेले आबा बोलले. "गुन द्याचेच असतीन तं तीनदा द्या."

आबांना म्हणायचं होतं ते पैसेवारीचं. पिकाची अवस्था किती आणे आहे हे ठरवायची जुनी सरकारी रीत, आता पैशांत. आमच्या अमरावती विभागात सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी निघते, ऑक्टोबरअखेर सुधारित, आणि डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेली तर दुष्काळी सवलतींचं दार उघडतं, पन्नासच्या वर राहिली तर पीक चांगलं, तुम्ही रडू नका. एक पैसा इकडे-तिकडे झाला की अख्ख्या गावचं नशीब बदलतं, त्यामुळे विकेट बाराची की पंचवीसची यावर गावानं इतकं रान का पेटवलं याचं बाहेरच्यांना नवल वाटेल, आम्हांला नाही. उंबरठ्यावरच्या एका गुणाची किंमत काय असते, ते वाशीमच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आम्ही आबांचं ऐकलं. सामना संपला की नजरअंदाज गुण फळ्यावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्याच्या तक्रारी असतील त्याच्या ऐकून सुधारित. रविवारी अंतिम, त्यानंतर तोंड बंद. ही एक गोष्ट मात्र विलक्षण चालली. भांडण थांबत नाही, पण त्याला तारीख मिळते. आणि तारीख मिळाली की आपला माणूस अर्धा शांत होतो, हे कोर्टात गेलेल्या कुणालाही विचारा.

तक्रारी कशा येतात त्याचा एक मासला. कॅच कुणाचा? फेब्रुवारी २०२५ मध्ये अहमदाबादला रणजीची सेमीफायनल झाली, केरळ आणि गुजरात. केरळचे ४५७. गुजरात ४५५ वर, शेवटची जोडी. नागवासवालानं दणका मारला, चेंडू जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात पडला. दोन रनांची आघाडी, केरळ पहिल्यांदाच फायनलमध्ये. बोलर कोण? आदित्य सरवटे, आपल्या नागपूरचा, त्या वर्षी केरळकडून खेळत होता. यानंच २०१८-१९ च्या फायनलमध्ये विदर्भासाठी अकरा विकेट घेतल्या होत्या. आता कुठल्याही फँटसी पद्धतीत सरवटेला विकेटचे, बेबीला कॅचचे, आणि ज्यानं डोक्यावर झेललं त्या निझारला शून्य. आमच्या सिली पॉइंटला उभं राहणाऱ्या पोरानं हे प्रकरण तोंडपाठ केलं आहे आणि तो दर सामन्याला हेल्मेटचे गुण मागतो. त्याच्याकडे हेल्मेट नाही, त्यामुळे त्याची मागणी आम्ही सहानुभूतीनं ऐकतो. पुढची फायनल विदर्भानं पहिल्या डावातल्या आघाडीवर जिंकली. सामना अनिर्णित, तरी चषक आपला, कारण नियम तसा होता. तेव्हा गावात एकालाही हा नियम अन्याय्य वाटला नाही.

आणि याच पारावर १४ जुलै २०१९ ला, लॉर्ड्सची फायनल बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि २६ विरुद्ध १७ चौकार-षटकारांवर इंग्लंड विश्वविजेते झाले तेव्हा न्यूझीलंडसाठी लोकांनी असे हात चोळले, की जणू विल्यमसन मालेगावचा जावई आहे. तो नियम स्पर्धेआधीच लिहिलेला होता. कुणी वाचला नव्हता, एवढंच. तीन महिन्यांत आयसीसीनं तो काढून टाकला. नियम वाईट आहे हे कळायला तो आधी कुणाच्या तरी मानेवर पडावा लागतो.

म्हणून मी पंच या नात्यानं एकच पोटनियम घातला, आणि तोही माझा नव्हे. भावांच्या वाटण्यांत जुनी रीत आहे, थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरला मग आपोआप काटेकोर होतो. आम्ही ठरवलं, जो मालक नवीन गुण-नियम मांडेल त्याची बोली लिलावात सगळ्यांच्या शेवटी. झालं. ज्या पारावर दोन आठवडे कुणी कुणाला बोलू देत नव्हतं तिथे सगळे शेंगा सोलत बसले. पन्नाशीचा बोनस गेला, स्ट्राइक रेट गेला. कीपरनं जाता जाता माझ्याकडे असं पाहिलं, की मीच बाय दिल्या आहेत. रनला एक, विकेटला बारा, कॅचला चार. कॅप्टनचे दुप्पट ठेवले, कारण ते काढायचं तर तोही नियम कुणीतरी मांडायला हवा.

फक्त जागलीवाला उठला. म्हणाला, बॉल तुरीत जातो, सापडेपर्यंत मॅच अडते, पोट्टे शोधायला जात नाहीत. शोधणाऱ्याला सहा गुण द्या. फिल्डर असो की राखीव. समाजोपयोगी नियम होता, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि ठरल्याप्रमाणे त्याला शेवटी बसवलं. लिलावात त्याच्या वाट्याला उरलेसुरले आले, आणि त्यात सगळ्यांत शेवटी, फुकटात, एक बारा वर्षांचं राखीव पोरगं, ज्याला अजून बॅट दोन्ही हातांनी उचलावी लागते.

पुढचं चतुर वाचकाच्या ध्यानात आलं असेल. आमच्या ध्यानात तिसऱ्या सामन्यानंतर आलं. ते पोरगं तुरीत सशासारखं शिरायचं आणि मोठे तासन्‌तास शोधत तो बॉल ओळीतल्या ओळीत घेऊन यायचं. सहा. परत सहा. जागलीवाल्यानं त्याला कॅप्टन केला. बारा. एका सामन्यात पाच बॉल तुरीत गेले आणि पोराचे साठ झाले; त्या दिवशी सामनावीराचे नजरअंदाज गुण एक्केचाळीस होते. मग तर जागलीवाल्याच्या टीमचे फलंदाज कुठल्याही संघाकडून खेळत असोत, सरळ मैदान सोडून तुरीकडे मारू लागले. इतर मालकांनी आपापली पोरं तुरीत घुसवली. एका सामन्यात मैदानावर चार फिल्डर आणि तुरीत चौदा जण होते. कॉमेंट्री करणाऱ्यानं शेवटी तोंड तिकडेच वळवलं.

अंतिम गुण जाहीर करायच्या रविवारी तुरीचे मालक पारावर आले. हातात मोडलेल्या फांद्यांचा भारा होता, तो त्यांनी फळ्याखाली टाकला.

"राजेहो, ह्या तुरीची पैसेवारी कोन काढन?"

कुणी बोलेना. मी म्हटलं, काका, पुढच्या हंगामात तुरीत मारणाऱ्याला दंड लावू, पण नियम कुणीतरी मांडायला पाहिजे.

"म्या मांडतो. तुरीत मारला की वजा दहा. अन् टीम बी घेतो."

"घ्या न काका. पन मंग बोली शेवटी लागन तुमची. उरला-सुरला पोट्टा भेटन."

"भेटू दे. शेवटी जो उरते थो माहाच पोट्टा हाय. तूर त्यानंच पेरली, ओळ न् ओळ ठाव हाय त्याले."

तेव्हा जागलीवाला ताडकन उठला. "असं कसं? थो माह्या टीमचा हाय! रिटेन! म्या रिटेन केला त्याले!"

मी वही उघडून पाहिली. "रिटेनचा नियम आपल्याकडे नाही," मी म्हणालो. "पाहिजे असेल तर मांड."

तो तोंड उघडून थांबला, खाली बसला, आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागला.